कूलरसमोर निजलेली दारं

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी कूलरसमोर आठवडाभर स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं निजली होती, आणि आम्ही माणसं आतल्या खोलीत पंख्याखाली भाजत होतो. ही व्यवस्था मी केली होती. (हे मी लपवलंही असतं, पण माझी बायको प्रज्ञा हे वाचणार आहे, आणि तिच्याकडे फोटो आहेत.)

नागपूरबाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. तो म्हणेल, कूलर तर कूलर, त्यात काय एवढं? त्याला म्हणावं, एकदा मे महिन्यात भर दुपारी आमच्याकडे येऊन पाहा. जेवणं झाल्यावर कोण कुठे आडवं होतं, त्यावरून आमच्याकडे माणसाची किंमत ठरते. कूलरच्या अगदी तोंडासमोरची जागा जावयाची. जावई नसेल तर व्याह्यांची. मग आजारी माणूस, मग बाळंतीण, मग लहान पोरं. अशा शहरात मी ती जागा लाकडाला दिली.

आता ही दारं कुठून आली ते सांगतो. माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती. माझं लहानपण ज्या खोलीत गेलं तिथेच स्टोव्ह होता, तिथेच पाहुण्यांची चटई, तिथेच माझा अभ्यास. भिंतीवर एक फळी आणि तिच्यावर काचेच्या बरण्या. तांदूळ, साखर, डाळ, तिखट, सगळं उघड्यावर. कोणीही आलं की पाणी पिता पिता त्याची नजर फळीवरून फिरायची आणि कुठल्या बरणीत किती आहे याचा अंदाज घेऊन परत यायची. आईला ते कधी सहन झालं नाही. पुढे घर झालं, वेगळं स्वयंपाकघर झालं, पण तिथेही कडप्प्याच्या उघड्या फळ्याच राहिल्या आणि बरण्या तशाच लोकांसमोर उभ्या. आईनं आयुष्यात साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. तिचं एकच म्हणणं होतं.

"मले दारं पायजेत. आत काय हाये ते माह्यं मले माहीत. येणाऱ्याजाणाऱ्यानं काहून पाहावं?"

त्यात काटोलच्या मावशीनं तेल ओतलं. सुमन मावशी आईची धाकटी बहीण. तिच्या संत्र्यांना त्या वर्षी बरा भाव मिळाला आणि तिनं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. मग व्हिडिओ कॉल करून तिनं आईला एकेक दार उघडून दाखवलं आणि एकेक बंद करून दाखवलं. सगळी दारं संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आईनं शांतपणे सगळं पाहिलं, फोन ठेवला आणि सगळ्या नातेवाइकांना बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचं आमंत्रण देऊन टाकलं. विहारात वंदना झाली की सगळे आमच्याकडे. खीर नव्या स्वयंपाकघरातून वाढली जाईल, हेही तिनं प्रत्येकाला सांगितलं. नवं स्वयंपाकघर कुठे आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

"करशीन ना बाबू तेवढ्यात?" आईनं मला विचारलं.

मी हसलो. माझं सीताबर्डीत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरून बसवणारा माणूस मी, मला कपाटाची काय भीती? मी आईला म्हटलं, कपाट म्हणजे मोठ्या मापाचं घड्याळच आहे. सुटे भाग नीट तयार असले की बाकी काही नसतं. प्रज्ञा तेव्हा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा भाजीत घातली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको कधी कधी बोलायचेही कष्ट घेत नाही.

काम करणार होता वसंता मिस्त्री. कामाला चांगला, पण अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला त्याची एकाच वेळी इतकी कामं चालू असतात की तो स्वतः कुठे आहे हे त्यालाही फोन केल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे मिस्त्री लोकांची एक पद्धत आहे. सामान घरमालकानं आणायचं, सांभाळायचं, तयार ठेवायचं. मिस्त्री येणार, बसवणार, चहा पिणार आणि जाणार. फळ्यांना चौकटी ठोकून वसंतानं वाडीच्या एका गोदामात दारांचे बोर्ड मापात कापून ठेवले होते. ते मी घरी आणायचे, बिजागऱ्या, स्क्रू, मुठी विकत आणायच्या, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो येऊन सगळं बसवणार, असं ठरलं. बोर्डांच्या कापलेल्या कडांना पट्टी चिकटवायची असते, तीही तो आल्यावरच लावणार होता. म्हणजे तोवर कडा उघड्या. हे तेव्हा मला फार महत्त्वाचं वाटलं नाही.

मी आधी किरकोळ सामानाला लागलो. स्क्रू सगळे एकाच पिशवीत आले होते, लहान-मोठे एकत्र. माझ्यासारख्या माणसाला ते पाहवेना. ते मापाप्रमाणे वेगळे करायला घरात एकच योग्य वस्तू होती, ती म्हणजे मसाल्याचा डबा. सात वाट्या, वर झाकण. घड्याळजीसाठीच बनवल्यासारखा. मी त्यातला मसाला कागदाच्या पुड्यांमध्ये बांधला आणि स्क्रू लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोरांच्या शाळेची रिक्षा दारात उभी असताना प्रज्ञानं घाईघाईत कढईत तेल तापवलं, डबा उघडला आणि न पाहता चिमूट सोडली. फोडणी तडतडली नाही म्हणून तिनं वाकून पाहिलं. त्या सकाळी जे संभाषण झालं ते मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की स्क्रू तळल्यानं खराब होत नाहीत, हे मी तिला समजावलं आणि ते समजावायला नको होतं.

मग बिजागऱ्या. त्या नव्या पद्धतीच्या, दार आपोआप हळू मिटवणाऱ्या होत्या. दुकानदारानं सांगितलं होतं, यांना काही करावं लागत नाही. पण घड्याळाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला बिजागरी दिसली की तेलाची कुपी आठवते. मी एकूणएक बिजागरी शिलाई मशीनच्या तेलात चांगली भिजवली आणि जादाचं तेल निथळावं म्हणून गच्चीवर कपड्यांच्या दोरीला ओळीनं टांगली. दोरीखाली आईची पौर्णिमेची पांढरी साडी पसरून वाळत घातलेली होती. (साडी नंतर दोनदा धुतली. डाग थोडे फिकट झाले. आई म्हणाली, लांबून नक्षी वाटते.)

शेवटी बोर्ड आणायचा दिवस आला. टेम्पोवाल्याला सकाळी बोलावलं होतं, तो दुपारी आला. वाडीहून निघालो तेव्हा रस्ता तव्यासारखा तापला होता आणि ट्रकांच्या मधून आमचा टेम्पो मुंगीच्या चालीनं सरकत होता. मी मागे बोर्डांजवळ बसलो होतो. तेवढ्यात वसंताचा फोन आला. माल उचलला का, विचारलं. उचलला म्हणालो.

"भाऊ, ऊन नका लागू देजा बरं त्याले," तो म्हणाला. "उन्हानं बोर्ड वाकते. घरी गेल्या गेल्या थंड जागी ठेवजा."

आता तुम्हीच सांगा. मे महिन्यात नागपूरच्या घरात थंड जागा किती असतात? मी अंगातला शर्ट काढून बोर्डांवर धरला, तसाच बनियनवर अख्खं शहर ओलांडून घरी आलो आणि दारं हॉलमध्ये कूलरसमोर मांडली. लहान दारं दिवाणावर आडवी, मोठी भिंतीला टेकवून उभी. मध्ये बोटभर जागा सोडली, म्हणजे हवा खेळती राहील. मग मी विचार केला की करायचं तर नीट करावं. कूलरच्या बाजूच्या जुन्या गवती ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकी काठोकाठ भरली आणि पंखा सगळ्यात जोरात फिरवला. गारेगार, ओलसर, वाळ्याच्या वासाची हवा दारांवर सुटली. मी बनियनवर उभा राहून पाहत होतो आणि मला फार बरं वाटलं.

आईनं दुपारी विचारलं, मी कुठं झोपू? मी म्हटलं, आई, तुझीच दारं आहेत. झालं, आई एका शब्दानं कुरकुरली नाही. आतल्या खोलीत ओला टॉवेल छातीवर घेऊन पडून राहायची आणि मधूनच उठून हॉलमध्ये यायची. एखाद्या दारावरून हात फिरवायची, तळवा टेकवायची. "मस्त थंडगार झाले वं दारं," असं प्रज्ञाला सांगायची आणि पुन्हा भट्टीत जाऊन पडायची. मला तेव्हा भरून यायचं. मी अजून पाणी घालायचो.

रोज दुपारी मी दारं उलटवत असे. एकाच बाजूला हवा लागली तर दुसऱ्या बाजूवर अन्याय, असा माझा हिशेब. वीज गेली की मी हातपंख्यानं वारा घालायचो. समोरच्या काकू एकदा वाटीभर विरजण मागायला आल्या, हॉलमध्ये उभ्या राहून बराच वेळ पाहत राहिल्या आणि विरजण न घेताच परत गेल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी प्रज्ञा एक दार उचलून माझ्यासमोर घेऊन आली. कडेवर तिनं बोट ठेवलं होतं.

"हे फुगल्यासारखं वाटून राहिलं मले," ती म्हणाली.

मी तिला शास्त्र सांगितलं. गरमीनं वस्तू पसरते, थंडीनं आकसते. घड्याळात हेच होतं, म्हणून तर उन्हाळ्यात घड्याळं मागे पडतात. आपली दारं थंडीत आहेत, म्हणजे ती झालीच तर थोडी लहान होतील. ती म्हणाली, घड्याळ लोखंडाचं असते, हे भुसा दाबून केलेलं हाये. मी म्हटलं, शास्त्राला भुसा आणि लोखंड सारखंच. तिनं दार जागेवर ठेवलं आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवला. तोच पहिला फोटो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी वसंता मिस्त्री चक्क सांगितलेल्या वेळेला आला. हॉलमध्ये पाऊल टाकताच थांबला. कूलरकडे पाहिलं, दारांकडे पाहिलं, मग एका दाराची कड चिमटीत धरली. कड चहात बुडवून काढलेल्या टोस्टसारखी टरारली होती. त्यानं विचारलं, पाण्याची टाकी वाहिली का घरात? नाही. वाडीहून येताना पाऊस लागला? मे महिन्यात कुठला पाऊस! मग त्याची नजर वाळ्याच्या ताट्यांमधून टपटपणाऱ्या पाण्यावर गेली, तिथून ती सावकाश माझ्यावर आली, आणि तो दिवाणावर बसला. दारांच्या शेजारीच. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"बुडालेला माल पाहिला होता, भाऊ," डोळे पुसत तो म्हणाला. "हवापालट केलेला पहिल्यांदाच पाहून राहिलो."

मी हसण्याचा प्रयत्न केला. पण स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. फळ्यांवरच्या सगळ्या बरण्या तिनं सकाळीच खाली उतरवून, पुसून, जमिनीवर चादरीवर मांडल्या होत्या. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

"उद्या दारं लागतीन का नायी?" तिनं वसंताला एवढंच विचारलं.

 वसंताचं हसू थांबलं. तो आईकडे पाहत राहिला, मग उठला, मला म्हणाला आधी तो कूलर बंद करा, आणि पिशवीतून रंधा काढला.

दिवसभर तो कडा तासत होता. घरभर भुसा उडत होता, डाळीत भुसा, पाण्यात भुसा, माझ्या केसांत तर इतका की मी एका दिवसात म्हातारा दिसायला लागलो. बिजागऱ्या तेलात इतक्या मुरल्या होत्या की स्क्रू पिळताना त्याच्या हातातून मासोळीसारख्या सुटायच्या. तो मधून मधून मला काही विचारायचा आणि उत्तर ऐकून पुन्हा कामाला लागायचा. स्क्रू मसाल्याच्या डब्यात का आहेत? यांना हळदीचा वास का येतो? सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर कुठे आहे? मी माझा सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर आणून दिला. त्यानं तो कानावर ठेवला, पेन्सिल ठेवतात तसा, आणि स्वतःचा काढला.

पण संध्याकाळपर्यंत दारं लागली! चौकटीच्या आत, अगदी घट्ट, फट म्हणून दिसेना. वसंता म्हणाला, थोडी टाइट हायेत, चार दिवस उघडझाक करा, मोकळी होतीन. जाताना प्रज्ञाला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की कूलरची हवा इकडे येऊ देऊ नका. मला सांगितलं नाही.

आईनं बरण्या आत लावल्या. तांदळाची, साखरेची, डाळींची. सगळ्यांत मोठ्या खालच्या कपाटात तर तिनं निम्मं घर भरलं. मग एकेक दार मिटलं. प्रत्येक दार मिटल्यावर तिचा तळवा थोडा वेळ त्यावर राहायचा. सगळी मिटून झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या मधोमध स्टूल घेऊन बसली आणि कुठेही काही दिसत नसलेल्या त्या भिंतीकडे पाहत राहिली.  कपाटाला माझ्यामुळे काय काय झालं होतं, ते सगळं त्या एका गोष्टीनं भरून निघालं, असं मला वाटलं.

पौर्णिमेला सकाळीच खीर झाली. आई नक्षीची पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली. खिरीचा मोठा गंज (बाहेर याला पातेलं म्हणतात) तिनं खालच्या मोठ्या कपाटात ठेवला, वाट्याही तिथेच, आणि दार मिटलं. पोरं बोटं घालतात म्हणून, असं ती म्हणाली. खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुमन मावशीसमोर तिला ते दार उघडून खीर बाहेर काढायची होती.

नातेवाईक आले. पांढऱ्या कपड्यांनी हॉल भरून गेला, स्वयंपाकघरात पुऱ्या तळल्या जात होत्या, वाफ कोंडली होती. मावशी बायकांमध्ये ओट्याला टेकून उभी होती आणि पदरानं वारा घेत होती. तिनं सहज म्हटलं, इथं हवाच नायी येऊन राहिली. आता पाहुणी बाई, त्यात मावशी, त्यात काटोलहून एसटीनं उन्हात आलेली. तिनं गरम होतं म्हणायचं आणि मी कूलरचं तोंड तिच्याकडे फिरवायचं नाही? माझ्या हातून तेवढा असंस्कृतपणा होणं शक्य नव्हतं. मी कूलर ओढून स्वयंपाकघराच्या दारात आणला, टाकी भरली आणि सोडला जोरात. बायका म्हणाल्या, आता बरं वाटलं. प्रज्ञा तेव्हा गच्चीवर पापड तळत होती. ती खाली असती तर ही आठवण इथेच संपली असती.

जेवणं होत आली. आई उठली, पदर सावरला आणि मावशीच्या समोरून मोठ्या कपाटाकडे गेली. मूठ धरून ओढली. दार आलं नाही. तिनं पुन्हा ओढली, हळूच, कोणाला दिसू नये अशी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं पुढे झालो, मूठ धरली आणि झटका दिला. मूठ माझ्या हातात आली. मुठी मीच निवडल्या होत्या, नाजूक, सुबक, मनगटी घड्याळाच्या चावीसारख्या.

मग जे होतं ते झालं. अख्खं खानदान स्वयंपाकघरात जमलं. कोणी म्हणालं कालथा घाला, कोणी म्हणालं खालून लाथ मारा, कोणी म्हणालं खीर राहू द्या, आम्ही समजून घेतो. मी फटीत कालथा घालायला गेलो, पण फटच नव्हती. वसंतानं काम चोख केलं होतं, आणि उरलेलं वाफेनं आणि कूलरनं पूर्ण केलं होतं. मी नखांनी ओढत होतो, मला मागून चुलतभाऊ ओढत होता, त्याला त्याची बायको आवर घालत होती. आई बाजूला उभी होती. तिचा चेहरा मला पाहवत नव्हता.

"सरक बाजूले, मिलिंद," सुमन मावशी म्हणाली.

तिनं पदर खोचला, एक पाय कपाटाच्या चौकटीला लावला, दाराच्या खालच्या फुगलेल्या कडेत बोटं रुतवली. संत्र्याचे क्रेट उचलून पोसलेले हात ते. एकदा तिनं मान हलवली आणि ओढलं. मोठा आवाज झाला. दार बिजागऱ्यांसकट उपटून आलं आणि मावशी दार मांडीवर घेऊन धपकन जमिनीवर बसली. तिच्या पांढऱ्या साडीवर तेलाचे ओघळ आले. (तिलाही नक्षी मिळाली.)

 सगळे कपाटात पाहत होते. जे आईला आयुष्यभर नको होतं, तेच, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर एकदम. आत बरण्यांची रांग होती. मला वाटलं, आई आता रडेल.

मावशीनं जमिनीवरूनच मान वर करून पाहिलं. एकेक बरणी निरखली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "बरण्यांत खाली कागद त नायी ना कोंबले आता?"

मला काही कळेना. मग दोघी बहिणी एकमेकींकडे पाहायला लागल्या आणि आई हसायला लागली. इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. तेव्हा मला कळलं. त्या एका खोलीत आई बरणीच्या तळाला पेपराचे बोळे कोंबायची आणि वरून दोन मुठी तांदूळ पसरायची, म्हणजे पाहणाऱ्याला बरणी भरलेली वाटावी. मावशी तेव्हा लहान होती, आमच्याकडे शिकायला राहायची, बोळे करून द्यायचं काम तिचं होतं. मी त्याच घरात वाढलो आणि मला ठाऊक नव्हतं. माझ्या ताटात कधी कागद आला नाही.

आईनं तांदळाची बरणी बाहेर काढली. झाकण उघडलं, सगळ्यांसमोर हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळापासून मूठ भरून वर काढली. "पाह्य," ती मावशीला म्हणाली, "खालपर्यंत हाये." मग साखर. मग तुरीची डाळ. काकू, मामी, वहिनी, सगळ्या पाहत होत्या आणि आई एकेक बरणी दाखवत होती, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. मावशी दार मांडीवर घेऊन तिथेच बसली होती आणि प्रत्येक बरणीला मान डोलावत होती. खीर बाहेर काढायचं भान सगळ्यात आधी प्रज्ञाला आलं.

खीर सगळ्यांना पुरली, दुसऱ्यांदाही पुरली. संध्याकाळी मी आईला म्हटलं की ते दार उद्या मी स्वतः बसवतो. आई म्हणाली, बाकीची असू दे, ते मोठं उघडंच राहू दे. आता कोणी आलं की ती त्याला पाणी द्यायच्या आधी स्वयंपाकघरात नेते.

मावशीनं नवी साडी घ्यायला साफ नकार दिला. काटोलला जाताना मात्र तिनं सांगितलं की दिवाळीच्या आधी ती घरात आणखी दोन कपाटं करून घेणार आहे आणि आम्ही सगळ्यांनी यायचंच. आईला आणि प्रज्ञाला तिनं माल यायच्या दिवसापासून राहायला बोलावलंय. मला मावशी सगळी दारं लागल्यावरच फोन करणार आहे.